ओवा आणि पानओवा

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या विंगमधल्या एक बाई फांदी मागायला आल्या होत्या. त्यांच्या नातवाला खोकला झालाय आणि कुणीतरी ओव्याच्या पानांचा रस द्यायला सांगितलाय. गच्चीतल्या कुंडीतल्या दोन चांगल्या फांद्या मी काढून दिल्या. जाता जाता त्यांनी विचारलं, "काकू, याला ओवा कधी लागतो हो? म्हणजे दुकानातून आणायला नको."

मला हसू आलं. पण ते पुरतं ओठांवर यायच्या आतच विरलं. कारण नेमकं हेच मी एके काळी वर्गात मुलांना शिकवत होते. खडू हातात घेऊन, ठामपणे.

त्यांना मी सांगितलं, की याला ओवा कधीच लागत नाही. हा पानओवा. आपण खातो तो ओवा वेगळ्याच झाडाचा. त्या "अय्या, हो?" म्हणाल्या आणि फांद्या घेऊन गेल्या. मी मात्र तिथेच दोन कुंड्यांच्या मध्ये बराच वेळ उभी राहिले. एका कुंडीत पानओवा, दुसरीत खरा ओवा. ही दोन झाडं शेजारी शेजारी यायला माझं निम्मं आयुष्य गेलं. ती हकीकत आज लिहायचं मनात आहे.

आधी झाडांविषयी.

पानओवा तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असेल. जाड, लुसलुशीत पानं, कडेला कातरल्यासारखी नक्षी, वर बारीक मऊ लव. पान नुसतं चुरगळलं तरी हाताला तासभर ओव्याचा वास राहतो. हे झाड तुळशीच्या कुळातलं. कधी फुललंच तर तुळशीच्या मंजिरीसारखा फिकट जांभळा तुरा येतो, पण माझ्याकडे इतक्या वर्षांत तो दोनदाच आला. बी धरताना तर मी पाहिलंच नाही. त्याच्या शास्त्रीय नावात इंडोनेशियातल्या अँबॉन बेटाचा उल्लेख आहे, कर्नाटकात त्याला दोड्डपत्रे म्हणतात, तमिळमध्ये कर्पूरवल्ली. म्हणजे हा बराच फिरलेला गडी आहे आणि जिथे गेला तिथे फांदीनेच गेला. या हातातून त्या हातात.

खरा ओवा मात्र कोथिंबीर, जिरे, शेपू, बडीशेप यांच्या कुळातला. पानं शेपूसारखी, दोऱ्यासारखी बारीक चिरलेली. उंची दोन-तीन फूट. फुलं पांढरी, इवली इवली, उलट्या छत्रीसारख्या गुच्छात येतात. त्या छत्रीत जे दाणे धरतात तो आपला ओवा. आपण त्याला बी म्हणतो, पण खरं म्हणजे ते अख्खं वाळलेलं फळच असतं, धन्यासारखं. हंगाम संपला की झाड वाळून जातं. आपल्या देशात याचं मोठं पीक राजस्थान आणि गुजरातेत होतं, पण आपल्याकडेही रब्बीत कुठे कुठे घरापुरता लावतात. ज्वारीच्या रानात, विहिरीजवळच्या एखाद्या वाफ्यात, धने-लसणाच्या शेजारी.

हे 'विहिरीजवळच्या वाफ्यात' मी आज लिहिलं, पण ते मला कुणी सांगितलं होतं ते आता सांगते.

मी मूळची सोलापूर शहरातली. बी. ए. केलं ते मराठी विषय घेऊन, मराठी माध्यमातून. बी. एड. झाल्यावर १९७३ साली बार्शी तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत लागले आणि २००८ साली निवृत्त होईपर्यंत त्याच भागात राहिले. मध्यंतरी शाळेतले विज्ञानाचे सर बदलून गेले आणि दुसरे येईनात. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, सातवीचं विज्ञान तेवढं तुम्ही बघा." मी बघितलं. एक वर्ष म्हणता म्हणता बरीच वर्षं बघितलं. रात्री पुस्तक वाचायचं आणि सकाळी शिकवायचं. व्याकरणात मला कुणी अडवलं असतं तर मी आनंदाने वाद घातला असता. विज्ञानाच्या तासाला मात्र पोटात गोळा असायचा, की कुणी काही विचारू नये.

१९८५ सालच्या जानेवारीतली गोष्ट. परिसरातल्या उपयोगी वनस्पतींवर तास होता. प्रत्यक्ष वस्तू दाखवून शिकवावं असं बी. एड.ला शिकलेलो, म्हणून मी अंगणातल्या पानओव्याची फांदी घेऊन गेले. माझी आई त्याला 'ओव्याचं झाड' म्हणायची, मीही तेच म्हणत असे. पान सगळ्या वर्गात फिरवलं. मुलांनी वास घेतला, एकच गलका झाला. "बाई, ओवा! बाई, ओवा!" मी खूश. फळ्यावर लिहिलं: ओवा – पाने जाड, मांसल, लव असलेली. बिया मसाल्यात वापरतात.

तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. म्हणाला, "बाई, ओव्याला असलं पान नसतंय. आमच्या रानात हाय की ओवा, हिरीपाशी. शेपूवानी असतंय त्याचं पान. उद्या आणू का?"

आज वाटतं, एखाद्या शिक्षकाला याहून चांगलं काय हवं असतं? सातवीतलं पोर आपण होऊन पुरावा आणायला निघालं होतं. पण मला त्या क्षणी एवढंच दिसलं, की सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय. मी म्हणाले, "तुझ्या रानातलं ते गवत असेल. वास घेतलास ना? मग? उगाच शहाणपणा करू नकोस. तास संपेपर्यंत उभा राहा."

तो उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने काही आणलं नाही. मी विचारलंही नाही. विसरून गेले म्हणा ना.

निवृत्तीनंतर २०१० साली आम्ही पुण्याला मुलाकडे आलो. फ्लॅट वरच्या मजल्यावर, लागून छोटी गच्ची. गावाकडची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती, तिची कुंडी केली. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या ह्यांनी एकदा चहा पिता पिता विचारलं, "तुझ्या या ओव्याला ओवा का येत नाही गं कधी?" मी म्हटलं, "कुंडीत नसेल येत. जमिनीत येत असेल." पण गावाकडे तर तो जमिनीतच होता! तिथे तरी कधी आला होता? हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता.

ह्यांचा स्वभाव करून बघण्याचा. मला न सांगता त्यांनी मिसळणाच्या डब्यातला चिमूटभर ओवा एका रिकाम्या कुंडीत टाकला. पंधरा दिवसांनी मी गच्ची साफ करत होते, तर त्या कुंडीत हिरवी बारीक रोपं. मी म्हणाले, "हे कसलं गवत उगवलंय?" आणि उपटायला वाकले. दोन काड्या हातात आल्या, त्या चुरगळल्या गेल्या आणि वास आला. ओव्याचा.

हातातल्या त्या काडीला शेपूसारखी पानं फुटत होती.

आणि 'गवत' हा माझाच शब्द मला ऐकू आला. तो मुलगा, तिसरा बाक, खिडकीतून येणारं ऊन, सगळं जसंच्या तसं समोर आलं. मी खाली बसले. ह्यांना वाटलं चक्कर आली.

तेव्हापासून दोन्ही झाडं मी दरवर्षी लावते. दोघांचा वास एक, पण स्वभाव किती निराळे!

पानओव्याला तुमची फार गरज नसते. बोटभर लांबीची फांदी घ्यायची, खालची पानं काढायची आणि भुसभुशीत मातीत खोचायची. दोन-तीन आठवड्यांत मूळ धरतं. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली त्याला मानवते. कडक उन्हात पानं लहान आणि पिवळट होतात, अगदी सावलीत झाड नुसतंच लांब सुटतं. पाण्याचं मात्र सांभाळायचं. पानातच पाणी साठवून ठेवणारं झाड ते, मातीचा वरचा थर वाळल्याशिवाय पाणी घालू नये. कौतुकाने रोज पाणी घालणाऱ्यांकडे हे झाड कुजून मरतं, पावसाळ्यात तर हमखास. शेंडे खुडत राहिलं की ते भरगच्च होतं. दोन-तीन वर्षांनी बुंधा लाकडासारखा झाला की नवी फांदी लावून जुनं काढून टाकावं.

ओव्याचं उलट. त्याला त्याचा हंगामच लागतो. थंडी पडायला लागली की ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात बी पेरायचं, वर अगदी पातळ मातीचा थर. आठ ते पंधरा दिवस काहीच दिसत नाही, तेव्हा धीर सोडायचा नाही. जिथे वाढवायचं तिथेच पेरावं. गाजर-कोथिंबिरीसारखं याचंही मूळ सरळ खाली जातं, त्याला जागा बदललेली खपत नाही. ऊन दिवसभर हवं. माती ओलसर, पण पाणी साठता कामा नये. दाट उगवलं तर विरळणी करायची. जीव होत नाही, पण करावी लागते. फुलाच्या छत्र्या आल्या की मधमाश्या आणि इवल्या माश्या गोळा होतात. ढगाळ हवा आली की मावा पडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये छत्र्या तपकिरी झाल्या की सकाळी कापायच्या, सावलीत वाळवायच्या आणि हातावर चोळायच्या. मला दोन मोठ्या कुंड्यांत मिळून अर्धी वाटी ओवा मिळतो. पाच महिन्यांची अर्धी वाटी. पण त्या अर्ध्या वाटीचा डबा उघडला की स्वयंपाकघरात कुणीतरी आल्यासारखं वाटतं.

उपयोगही असेच वाटून घेतलेले. पानओव्याची भजी आमच्याकडे पावसाळ्यात होतातच. बेसनात थोडी तांदळाची पिठी, मीठ, तिखट, आणि पान अख्खंच बुडवून तळायचं. खालच्या मजल्यावर धारवाडकडचं कुटुंब आहे, त्यांनी मला तंबळी शिकवली. पानं तुपावर परतायची, ओलं खोबरं, जिरे आणि मिरीबरोबर वाटायची, ताकात कालवायची. गार भाताबरोबर उन्हाळ्यात इतकी छान लागते! खोकल्याला पान तव्यावर जरा गरम करून रस काढायचा आणि मधातून चाटवायचा. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, आणि खोकला लांबला तर पानं खुडत न बसता डॉक्टरकडे जायचं. हे मी फांदी नेणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

ओव्याची जागा मिसळणाच्या डब्यात. पुऱ्या, थालीपीठ, बटाटाभजी. पोट दुखलं तर चिमूटभर ओवा आणि सैंधव. बाळंतिणीला जेवणानंतर ओवा-शेपा-तीळ. औषधाच्या दुकानात मिळणारं ओव्याचं फूल म्हणजे या दाण्यातून काढलेलं द्रव्य. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल एकत्र केलं की तिन्हीचं आपोआप पाणी होतं, तीच अमृतधारा. ताजं पान घालून जे होतं ते दाण्याने होत नाही, आणि दाण्याचं काम पान करत नाही. पुरीत पानओवा घालून मी पाहिलाय. पुरी फुगत नाही आणि पीठ चिकट होतं.

मग वास एक कसा? हे मला नातीने समजावून सांगितलं. ती बी. फार्म. करते. म्हणाली, "आजी, ओव्यात मुख्य थायमॉल असतं. पानओव्यात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल दोन्ही सापडतात, कधी हे जास्त, कधी ते." मग तिने कागदावर दोन आकृत्या काढल्या. दोन्हींत कार्बन १०, हायड्रोजन १४, ऑक्सिजन १. मोजून सारखेच. फक्त ऑक्सिजनची जोडी कुठे बसली आहे एवढाच फरक. "म्हणजे एकाच मुळाक्षरांचे दोन शब्द," मी म्हटलं. ती म्हणाली, "हां, तसंच काहीतरी."

आपली भाषा झाडांना नाव देते ती वास, रूप, चव पाहून. गवती चहा हे गवत आहे, चहा नव्हे. विलायती चिंच ही चिंच नव्हे. सोनचाफा आणि देवळापुढचा पांढरा चाफा यांचं एकमेकांशी नातं नाही. त्यात भाषेची काही चूक नाही. 'पानओवा' हे किती नेमकं नाव आहे पाहा, पानात ओवा! माझ्या आईनेही चुकीचं काही सांगितलं नव्हतं. तिच्या अंगणात तेच ओव्याचं झाड होतं. चूक झाली ती वर्गात. समोर रानातला ओवा पाहिलेला मुलगा उभा होता आणि मी वासाचा पुरावा देऊन त्याला गप्प केलं. तो म्हणत होता पान बघा. मी म्हणत होते वास घे. त्या वर्गात दोन्ही झाडं माहीत असणारा तो एकटाच असेल कदाचित, आणि मला तर एकच माहीत होतं.

कळल्यावर मी त्याला शोधलं का? नाही. खरं तेच लिहिते. २०१२ मध्ये कळलं आणि पुढची बारा वर्षं मी फक्त झाडं लावली. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणाला शोधायचं, त्याला आठवतही नसेल, असं स्वतःला सांगत राहिले.

जानेवारी २०२४ मध्ये त्या बॅचने गावात मेळावा भरवला. आम्हा जुन्या शिक्षकांना बोलावलं. शाल, श्रीफळ, भाषणं, जेवण. तो आला होता. पन्नाशी ओलांडलेला, कानशिलं पांढरी. शेतीच करतो, सीताफळाची बाग आहे. पाया पडला. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मला तुला एक सांगायचंय. ओव्याचं पान शेपूसारखंच असतं. तुझं बरोबर होतं."

तो क्षणभर बघत राहिला. मग हसला. "बाई, तुम्ही गवत म्हणाला होता."

म्हणजे आठवत होतं. शब्दासकट.

मी काही बोलणार तेवढ्यात तोच म्हणाला, "वार्षिक परीक्षेत तुम्ही प्रश्न घातला होता, ओव्याच्या पानाचं वर्णन करा. मी लिहिलं, जाड, मांसल, लव असलेलं. दोनापैकी दोन मार्क दिले तुम्ही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गमतीनेच सांगत होता. पण मला ते फार लागलं. उभं केलं ते एका तासापुरतं. हे मात्र वेगळंच होतं. त्याला खरं माहीत होतं, घरी विहिरीजवळ रोज डोळ्यांसमोर होतं, आणि तरी पेपरात काय लिहायचं ते तो शिकला. ते मी शिकवलं. वर लाल शाईने बरोबरची खूणही केली. अशा किती खुणा मी केल्या असतील? पस्तीस वर्षं, दरवर्षी चाळीस-पन्नास पोरं.

मी म्हटलं, "चुकलं माझं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, आण उद्या."

"जाऊ द्या हो बाई," तो म्हणाला. मग माझी अडचण ओळखल्यासारखा त्याने विषय बदलला. "कुंडीत लावताय म्हणे? मावा पडत असेल की."

"पडतो ना. आणि दाट उगवतं फार."

"बी नुसतंच टाकत असाल. बारीक असतंय ते. मूठभर वाळूत कालवायचं आणि मग टाकायचं, सारखं पडतंय. अन् ढग आले की सकाळी पाण्याचा फवारा मारायचा छत्रीखालनं. चार झाडं तर हायेत, बोटानं पुसलं तरी चालतंय."

मी पर्समधून डायरी काढली आणि लिहून घेतलं. तो सांगत होता, मी लिहीत होते. जेवायला बोलावणं आलं तरी त्याचं संपलं नव्हतं.

आता मी बी वाळूत कालवूनच पेरते. खरोखरच सारखं उगवतं, विरळणी निम्मी वाचते. काल त्या शेजारच्या बाई पुन्हा भेटल्या, नातवाचा खोकला कमी आहे म्हणाल्या. मी त्यांना गच्चीत नेलं आणि दुसरी कुंडी दाखवली. त्यांनी दोन्ही पानं चुरगळून एकापाठोपाठ एक हुंगली, आणि पुन्हा पहिलं हुंगलं.

"पण वास तर तोच येतोय, काकू," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं, "वास तोच आहे. आता पान बघा."